जेवढा रोग, तेवढेच दार

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या वाशिम जिल्ह्यातील वैद्यांच्या दवाखान्यांत एक ठरावीक गर्दी होऊ लागते. मळणीयंत्राच्या धुळीने नाक चोंदलेले, गाल जड झालेले, कपाळ ठणकणारे रुग्ण रिसोड-मालेगावपासून मानोरा-कारंजापर्यंत सर्वत्र सारखेच दिसतात. त्यांतील बहुतेक आपल्या औषधांनी बरे होतात आणि त्याचे श्रेय आपण निःसंकोच घ्यावे. परंतु या गर्दीत अधूनमधून एखादा रुग्ण असा असतो, की जो या गर्दीतला नसतोच. त्याला ओळखणे आणि ओळखल्यावर योग्य चिठ्ठीसह योग्य ठिकाणी पाठविणे, या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत. गालाच्या हाडातील पोकळीची, म्हणजे मॅक्झिलरी सायनसची, दुर्बिणीने होणारी शस्त्रक्रिया हा वरकरणी आपल्या मासिक बैठकीतला विषय वाटणार नाही. तो का असावा, हे सांगण्यासाठी प्रथम आमचीच एक चूक सांगतो.

एक चूक आणि एक ओळीची चिठ्ठी

पन्नाशीतले एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. डाव्या नाकपुडीतून घट्ट, पिवळा स्राव, त्याला सडकी दुर्गंधी, डाव्या गालात जडपणा. दुष्ट प्रतिश्याय असे निदान करून आम्ही चित्रक हरीतकी, लक्ष्मीविलास रस आणि अणु तैलाचे नस्य अशी योजना केली. आठ-दहा दिवसांत दुर्गंधी कमी झाली, रुग्ण समाधानाने घरी गेला आणि तीन आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत आला. पुन्हा तेच औषध, पुन्हा तोच आराम, पुन्हा तीच तक्रार. असे तीन महिने गेले. मध्यंतरी साधा एक्स-रे काढला, त्यात सायनसची सूज इतकेच कळले आणि आमचा आत्मविश्वास उलट वाढला.

अखेर आम्ही चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एकच ओळ होती : सायनसचा जुना त्रास, पुढील उपचारार्थ. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी सी.टी. स्कॅन केला तेव्हा उजवी बाजू स्वच्छ होती. डावी पोकळी मात्र पूर्ण भरलेली होती, तिच्यात चुन्यासारखे पांढरे ठिपके होते आणि वरच्या दाढेचे मूळ पोकळीच्या तळाला भिडलेले होते. त्या दाढेत काही वर्षांपूर्वी सिमेंट भरलेले होते. पोकळीत बुरशीचा गोळा साचला होता. दुर्बिणीने तो काढला, दंतवैद्याने दाढेचा उपचार केला आणि रुग्ण काही आठवड्यांत खरोखरच बरा झाला.

त्या तज्ज्ञांनी आम्हांस दूरध्वनीवर दोनच प्रश्न विचारले. दातांबद्दल तुम्ही विचारले होते काय? आणि त्रास एकाच बाजूला आहे, हे चिठ्ठीत का लिहिले नाही? दोन्हींना आमच्याकडे उत्तर नव्हते. रुग्णाने दाढेची गोष्ट आमच्यापासून लपविली नव्हती; आम्ही विचारलीच नव्हती.

दार वरच्या बाजूला का असते?

गालाची ही पोकळी प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटर मापाची असते. तिच्या छताला डोळ्याची खोबण, तळाला वरच्या दाढांची मुळे आणि आतल्या बाजूला नाकाची भिंत. तिचे नैसर्गिक द्वार मात्र तळाशी नसून नाकाकडील भिंतीत वरच्या टोकाला असते आणि तेही अनसिनेट नावाच्या आकडीसारख्या पातळ हाडाआड दडलेले. पाणी खाली वाहते, मग निसर्गाने मोरी वर का ठेवली, असा प्रश्न कोणासही पडावा. उत्तर असे, की पोकळीच्या अस्तरावरील सूक्ष्म केस कफाचा पातळ थर सतत ढकलत त्या वरच्या द्वाराकडेच नेतात. हा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध असतो आणि त्याची वाट जन्मतः ठरलेली असते.

हे नीट ध्यानी येण्यापूर्वी शस्त्रक्रियेचा विचार मोरीच्या हिशेबानेच होत असे. अमेरिकेतील जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये व पॅरिसच्या हेन्री ल्यूक यांनी १८९७ मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया अनेक दशके या क्षेत्रात मुख्य मानली गेली. ओठ उचलून, हिरडीच्या वरून गालाच्या हाडाला भोक पाडायचे, पोकळीचे अस्तर खरवडून काढायचे आणि नाकाच्या तळमजल्यावर, म्हणजे अधो नासामार्गात, नवी मोरी करायची. त्यानंतर गालावर सूज, वरच्या ओठाला व दातांना बधिरता या तक्रारी अनेकांना होत. आपल्या भागातील वयस्क रुग्णांपैकी काहींच्या वरच्या हिरडीवर तो जुना व्रण आजही दिसतो. सायनसचे ऑपरेशन म्हटले की जुन्या घरांतून जी भीती व्यक्त होते, तिचे मूळ तेथे आहे.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने कफाच्या वाटा प्रत्यक्ष पाहिल्या व १९७८ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी हे तंत्र जगभर पसरविले. विचार साधा होता. तळाशी नवी मोरी पाडली तरी कफ तिच्यावरून पुढे जाऊन जुन्या द्वाराकडेच जातो. तेव्हा जुने द्वारच मोकळे करा आणि अस्तर खरवडू नका, ते पुन्हा निरोगी होऊ शकते. आपल्या भाषेत सांगायचे तर स्रोतोरोध दूर करा, स्रोतसाचा नाश करू नका. हा विचार कोणत्याही वैद्याला परका वाटू नये.

येथे एक मोह टाळावा, अशी विनंती आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात नाडीयंत्रांची जी प्रयोजने सांगितली आहेत, त्यांत स्रोतसातील शल्य काढणे, रोग पाहणे, चोषण करणे आणि क्रिया सुकर करणे ही येतात. नासा-दुर्बीण आणि तिच्यासोबतची उपकरणे हीच कामे करतात. म्हणून ही दुर्बीण आमच्याकडे आधीच होती, असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पाहिल्याशिवाय स्रोतसात हत्यार घालू नये, हा विवेक मात्र आपल्याकडे होता, एवढे म्हणणे खरे आहे आणि पुरेसेही आहे.

वाटा अनेक, निकष एक

दुर्बिणीचे ऑपरेशन असे आपण एका शब्दात म्हणतो, तेव्हा ती एकच शस्त्रक्रिया आहे असा समज होतो. वस्तुतः या एका पोकळीत शिरण्याच्या अनेक वाटा आहेत आणि शल्यकर्त्याचे कौशल्य जितके हातात असते तितकेच वाट निवडण्यात असते. या वाटा आपण जाणून असाव्यात. करण्यासाठी नव्हे, तर रुग्णास समजावून सांगण्यासाठी आणि योग्य प्रश्न विचारण्यासाठी.

पहिली आणि सर्वांत अधिक वापरली जाणारी वाट मध्य नासामार्गातून आहे. अनसिनेट हाड काढून नैसर्गिक द्वार रुंद करतात. साधा जीर्ण शोथ, दातामुळे झालेला शोथ, बुरशीचा गोळा यांपैकी बहुतेकांना एवढे पुरते. यात एक बारकावा आहे. नैसर्गिक द्वार न सापडल्याने त्याच्या मागे वेगळेच भोक पडले, तर कफ एका दारातून बाहेर येऊन दुसऱ्यातून आत जातो आणि गोल फिरत राहतो. ऑपरेशन होऊनही गळती थांबत नाही, अशा रुग्णात दुसऱ्या तज्ज्ञाने दुर्बिणीने पुन्हा पाहणे आवश्यक असते. आपण नस्य वाढवून भागत नाही.

दुसरी वाट अधो नासामार्गातली, जुनीच. ती एकटी पुरत नाही म्हणून मागे पडली, पण संपलेली नाही. पोकळीच्या तळाशी अडकलेला बुरशीचा तुकडा किंवा दाताचे मूळ वरच्या दारातून हाती लागत नाही, तेव्हा तिचा आधार घेतात. ज्यांच्या अस्तरावरील केस जन्मतःच हलत नाहीत, त्यांच्यात तर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरा उपायच नसतो.

तिसरी वाट तरुणांत आढळणाऱ्या एका विशिष्ट रोगामुळे महत्त्वाची ठरते. एकाच बाजूचा, फिक्या रंगाचा, मागे घशाकडे लोंबणारा कोंब दिसला, की त्याचा देठ बहुधा गालाच्या पोकळीत असतो. नाकातून दिसणारा भाग ओढून काढला तर रुग्णाला लगेच श्वास मोकळा होतो, परंतु देठ आत राहिल्याने कोंब पुन्हा उगवतो. नासार्श म्हणून अशा कोंबावर क्षारकर्म करण्याचा उत्साह आपल्यातील काही बंधूंना असतो. देठ न दिसता त्याच्या टोकावर केलेले कर्म, मग ते क्षाराने असो वा शस्त्राने, अपुरेच राहणार. देठ मागच्या भिंतीवर असेल तर वाकड्या नजरेची दुर्बीण व वाकडी हत्यारे मध्य नासामार्गातून तेथे पोहोचतात. तो पुढच्या भिंतीवर किंवा तळाच्या खाचेत असेल तर गालाच्या हाडाला लहानसे छिद्र पाडून तेथून हत्यार घालावे लागते, अथवा अश्रुनलिकेच्या पुढून पोकळीत शिरणारी नवी वाट घ्यावी लागते.

ही अश्रुनलिकेपुढची वाट गेल्या दशकात चीनमधील शल्यतज्ज्ञांनी प्रचारात आणली. नाकातील खालचे शंखाकृती हाड आणि अश्रुनलिका दोन्ही राखून, त्यांना बाजूला सारून पोकळीची पुढची भिंत समोरून पाहता येते, हा तिचा लाभ. परंतु पोकळीच्या पुढच्या भिंतीपासून अश्रुनलिकेपर्यंतचे अंतर प्रत्येकात वेगळे असते. ते ७ मिलिमीटरहून अधिक असेल तर वाट सोपी, ३ ते ७ असेल तर कष्टाची, ३ हून कमी असेल तर अवघड. हे मोजमाप सी.टी. स्कॅनवर आधीच होते. म्हणजे अमुक शल्यकर्ता नवी पद्धत वापरतो म्हणून ती प्रत्येक रुग्णाला चालेल, असे नाही.

शेवटी सर्वांत रुंद वाट. यात पोकळीची नाकाकडील भिंतच कमी-अधिक प्रमाणात काढतात, प्रसंगी अश्रुनलिकाही छेदतात. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ ही तिचे मुख्य कारण. ही गाठ कर्करोग नव्हे, पण देठासकट आणि देठाखालचे हाड घासून काढली नाही तर परत येते आणि काही रुग्णांत तिच्यात कर्करोग आढळतो. एकेकाळी तिच्यासाठी नाकाच्या बाजूने चेहऱ्यावर चीर देत. आता बहुतेकांत दुर्बिणीने काम होते, पण त्यानंतर अनेक वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

या सर्व वाटांचा निकष एकच आहे. रोगाचे मूळ कोठे आहे, ते पूर्ण दिसेल आणि तेथपर्यंत हत्यार पोहोचेल एवढे दार करावे. त्याहून लहान नको आणि मोठेही नको. लहान दाराने मूळ आत राहते. अकारण मोठ्या दाराने डोळ्यातून पाणी वाहणे, गालाला बधिरता, नाक कोरडे पडून खपल्या धरणे हे नवे रोग मागे लागतात. जेवढा रोग, तेवढेच दार, हे आमचे मत आहे आणि दोन्ही पॅथींतील विवेकी चिकित्सक ते मान्य करतील असा आमचा विश्वास आहे.

सन २०२१ ने दिलेला धडा

या विषयाची खरी किंमत आपण सर्वांनी २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागून काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, आली. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होती. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास सांगितले. अनियंत्रित मधुमेह आणि कोरोनासाठी घेतलेली स्टेरॉइड औषधे ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

त्या रोगाची सुरुवात अनेकदा याच गालाच्या पोकळीत होत असे. गालाला मुंग्या किंवा बधिरता, वरच्या दातांत कळ, दात हलणे, एका बाजूचे नाक बंद होणे, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे. ही लक्षणे घेऊन रुग्ण प्रथम कोठे गेले? दंतवैद्याकडे, औषधांच्या दुकानात आणि आपल्याकडे. या रोगात तास मोजावे लागतात. निर्जीव झालेला भाग निरोगी, रक्त येणाऱ्या भागापर्यंत काढावा लागतो, सोबत ॲम्फोटेरिसिन बी आणि रक्तशर्करेचे नियंत्रण लागते. तेथे रुंद वाटच घ्यावी लागे, काहींचा वरचा जबडा आणि डोळाही गेला. ज्यांना पहिल्या दोन दिवसांत पुढे पाठविले गेले आणि ज्यांना आठवडाभर काढा दिला गेला, त्यांच्यातील अंतर कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक शिकवून जाते.

लाट ओसरली म्हणून रोग संपला असे नाही. अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णात तो पूर्वीही होता आणि पुढेही दिसेल. शिवाय आपल्या विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची संख्या पाहता गालाची सूज, हलणारे दात, तोंड कमी उघडणे आणि नाकातून रक्तमिश्रित स्राव या लक्षणसमूहात कर्करोगाची शंका पहिल्याच दिवशी घेतली पाहिजे. तेथे कोणतीही वाट निवडण्यापूर्वी तुकडा काढून तपासणी होणे अनिवार्य असते.

अधिकार आणि मर्यादा

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे स्पष्ट केली. त्यांत शल्याची ३९ व शालाक्याची १९ होती. त्याविरुद्ध ११ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संघटनेने देशव्यापी बंद पाळला. त्या वादात आपल्यापैकी अनेकांनी हिरिरीने बाजू मांडली आणि ते योग्यच होते. शालाक्याचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या, रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या वैद्याला त्याच्या अधिकारापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

परंतु यादीत नाव असणे आणि हात बसलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुश्रुताचार्यांनी शिष्याकडून भोपळा, कलिंगड यांसारख्या वस्तूंवर छेदनाचा सराव करवून घ्यावा, असे योग्यासूत्रीय अध्यायात सांगितले, ते उगाच नव्हे. या पोकळीचे छत म्हणजे डोळ्याची खोबण आहे. तिच्या मागे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. आपण पदवीधर वैद्य असू वा शालाक्यतज्ज्ञ, ज्या वाटेने आपण गुरुजनांच्या देखरेखीखाली पुष्कळदा गेलो नाही, त्या वाटेने रुग्णाला नेऊ नये.

आपले काही बंधू म्हणतात, रुग्ण पाठविला की तो परत येत नाही. आणि शल्यकर्त्याकडे गेला की त्याला कापल्याशिवाय सोडत नाहीत. पहिल्या आक्षेपाला उत्तर चरकाचार्यांनी देऊन ठेवले आहे. गुल्मचिकित्सेत पक्व अवस्थेचा प्रसंग आला तेव्हा तेथे धान्वंतरीयांचा अधिकार आहे, असे म्हणून त्यांनी रुग्ण दुसऱ्या संप्रदायाच्या हाती सोपविला. त्यामुळे कायचिकित्सेचे महत्त्व कमी झाले नाही. दुसरा आक्षेप मात्र सर्वस्वी खोटा नाही. दोन्ही बाजूंच्या साध्या शोथात पुरेसा औषधोपचार न होताच शस्त्रक्रिया सुचविली जाते, असे प्रसंग आम्हीही पाहिले आहेत. त्यावरचा उपाय रुग्ण अडकवून ठेवणे हा नसून, प्रश्न विचारणे हा आहे. रोगाचे मूळ कोठे दिसते? कोणत्या वाटेने जाणार आणि का? अश्रुनलिका राखली जाईल काय? हे तीन प्रश्न नम्रपणे विचारणाऱ्या वैद्याला चांगला शल्यकर्ता कधीच टाळत नाही.

चिठ्ठीत काय असावे?

एकाच बाजूचा त्रास पंधरा दिवसांच्या योग्य उपचाराने पूर्ण न गेल्यास पुढे पाठवावे, असा नियम आपल्या संघटनेने स्वतःसाठी करावा, ही आमची सूचना आहे. आणि डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, गालाची बधिरता, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा काळपट स्राव असल्यास पंधरा मिनिटेही थांबू नये.

चिठ्ठीत पुढील गोष्टी असाव्यात. त्रास एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा आणि किती आठवड्यांपासून. दुर्गंधी व रक्त आहे काय. वरच्या दातांवर पूर्वी काय उपचार झाले. पूर्वी नाकाची वा हिरडीवरून शस्त्रक्रिया झाली काय. मधुमेह, दमा, वेदनाशामक गोळीने दमा वाढण्याचा इतिहास. खर्रा, तंबाखू. आणि चालू असलेली सर्व औषधे, त्यांत रक्त पातळ करणारी आली, तसेच आपण दिलेली चूर्णे, गुग्गुळकल्प आणि लसणाचे कल्पही आले, कारण त्यांतील काहींचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. हृदयरोग्याची गोळी आपण परस्पर बंद करू नये. तो निर्णय त्याच्या तज्ज्ञांचा.

पाठवायचे कोठे, हाही प्रश्न पूर्वी बिकट होता. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा अशा शस्त्रक्रियांसाठी बराच काळ अकोला-नागपूरकडे पाहत आला. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. महाविद्यालय आले म्हणजे प्रत्येक विशेष शस्त्रक्रिया लगेच होऊ लागते असे नव्हे. म्हणून रुग्णाला बसमध्ये बसविण्यापूर्वी चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या रुग्णाचा उपचार बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या वाटेइतकाच मोठा असतो.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

रुग्ण पुष्कळदा आपल्याही आधी दुकानाच्या पायरीवर उभा असतो. नाक लगेच मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन वा झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घेतले तर नाक उलट अधिक चोंदते आणि गिऱ्हाईक त्या बाटलीला बांधले जाते. तिसरी बाटली मागणाऱ्याला बाटली न देता वैद्याकडे पाठविणे, ही खरी सेवा. स्टेरॉइडची गोळी चिठ्ठीविना देऊ नये, हे सांगणे न लगे. तसेच ज्यावर घटकद्रव्ये, निर्माता आणि परवाना क्रमांक नाही, असे सर्दी-सायनसचे रामबाण चूर्ण दुकानात ठेवू नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले निघाले तर मधुमेही रुग्णाचे काय होते, ते २०२१ ने दाखविले आहे. आणि बदनामी मात्र संपूर्ण आयुर्वेदाची होते.

शस्त्रक्रियेनंतर आपले काम

रुग्ण परत आला की आपले काम पुन्हा सुरू होते आणि ते मोठे आहे. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपली जलनेति, आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतही शिफारसयोग्य मानली जाते. पाणी उकळून कोमट केलेले असावे, हे आवर्जून सांगावे. तैलनस्य मात्र ओल्या जखमेवर सुरू करू नये. शल्यकर्त्याने दुर्बिणीने पोकळी पाहून जखम भरल्याचे सांगितल्यावरच प्रतिमर्श मात्रेने आरंभ करावा. फेरतपासणीच्या तारखा रुग्णाकडून पाळून घ्याव्यात, तज्ज्ञांनी दिलेला नाकातील फवारा परस्पर बंद करू नये. पुढे अग्निदीपन, ऋतुचर्या, मळणीच्या दिवसांत नाका-तोंडाला ओला रुमाल आणि धुळीतून आल्यावर नाक धुणे, हे सर्व आपल्याच हातचे. दार शल्यकर्ता मोकळे करतो. ते मोकळे राहण्यासाठी घर नीट ठेवण्याचे काम आपले.

त्या गृहस्थांनी यंदा मळणीपूर्वी येऊन नस्याची बाटली नेली. जाता जाता त्यांनी सहज विचारले, की दाढेचे तेव्हाच का नाही विचारले? आम्ही त्यांना खरे तेच सांगितले, की आमचे चुकले. प्रत्येक नाकाच्या रुग्णाला दातांबद्दल विचारण्याचा नेम आम्ही त्या दिवसापासून धरला आहे. वाचक वैद्यबंधूंनीही तो धरावा, एवढीच विनंती करून हे लेखन थांबवितो.